शैलेंद्रच्या टेबलावरचा मार्कस ऑरेलियस

मित्रांनो, कुरळी दाढी आणि शांत डोळे असलेला मी प्लास्टरचा अर्धपुतळा आहे. २००३ साली कॅनडातल्या कॅल्गरी शहरात सुनंदा नावाच्या इतिहासाच्या शिक्षिकेने मला घडवले. मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाचा चेहरा तिने मला दिला.

"बाबा रे, केवढं सोसलंस!" माझी दाढी कोरताना ती म्हणे.

खरेच सोसले होते त्याने. अठराशे वर्षांपूर्वी त्याच्या राज्यात रोगाची साथ आली, सीमेवर युद्धे पेटली, पोटची मुले एकामागून एक गेली. तरी रणभूमीवरच्या तंबूत बसून तो स्वतःलाच लिहून बजावत राहिला, की रागावू नये, न्याय सोडू नये. युद्धासाठी पैसा हवा होता, तेव्हा प्रजेवर नवा कर न लादता त्याने राजवाड्यातल्या वस्तू विकायला काढल्या, असे सांगतात.

सुनंदा मुलीकडे व्हँकुव्हरला गेली आणि जाताना तिने मला घरच्या जुन्या वस्तूंच्या गराज सेलमध्ये ठेवले. तिथे मला शैलेंद्रने उचलले. तो एका तेल कंपनीत डायरेक्टर होता. सम्राटाविषयी त्याला किती माहीत होते? कुठल्याशा शिबिरात वाटलेल्या एका कागदाइतके! दर सोमवारी मीटिंगमध्ये माझ्या डोक्यावर हात ठेवून तो सांगे, "बी स्टोइक! काहीही झालं तरी ढळायचं नाही!" आणि कॉफी गार झाली, की रिसेप्शनवरच्या उमावर खेकसे. मला त्या हाताची किळस येई.

२००९च्या जानेवारीत तेलाचे भाव पडलेले होते. शैलेंद्रने कामावरून काढायच्या माणसांची यादी केली. तिच्यात हेमचंद्र नावाचे इंजिनिअर होते. शैलेंद्र कॅनडात नवा आला, तेव्हा त्यांनीच त्याला आपल्या बेसमेंटमध्ये सहा महिने ठेवून घेतले होते.

"दादा, मार्केटच असं आहे," शैलेंद्र म्हणाला. "जे आपल्या हातात नाही, त्याचा त्रास करून घ्यायचा नाही. हा मार्कस तेच सांगतो."

"तेलाचा भाव तुझ्या हातात नव्हता," हेमचंद्र शांतपणे म्हणाले. "यादी होती. तुझा स्वतःचा पगार किती कमी केलास रे?"

शैलेंद्र घड्याळाकडे पाहू लागला. हेमचंद्रांनी मफलर गुंडाळला आणि उणे तीसच्या थंडीत ते शहरातल्या लोकल गाडीकडे, सी-ट्रेनकडे, चालत गेले.

पुढच्याच महिन्यात या स्थितप्रज्ञ शैलेंद्रवरही संकट कोसळले. त्याची तळघरातली गरम पार्किंगची जागा दुसऱ्याला मिळाली! तो किंचाळला, फाइली भिरकावल्या आणि मला भिंतीवर आपटले. माझे नाक तुटले.

"हे गार्बेजमध्ये टाक," त्याने उमाला फर्मावले.

उमाने मला पुसले आणि हेमचंद्रांच्या घरी पोचवले. त्यांना आठ महिन्यांनी दुसरीकडे काम मिळाले. २०११ साली शैलेंद्रचीही नोकरी गेली. निर्लज्जासारखा त्याने त्यांनाच फोन केला.

"दादा, तुमच्या कंपनीत माझ्यासाठी एक शब्द टाकाल?"

त्यांच्या जागी मी असतो, तर फोन आपटला असता.

"तुझं काम चांगलं आहे, ते मी सांगेन," हेमचंद्र म्हणाले. "तू माणसांशी कसा वागतोस हे विचारलं, तर तेही सांगेन."

त्यांनी फोन ठेवला आणि ते फावडे घेऊन बाहेरचे बर्फ उपसायला गेले. सम्राटाची एक ओळही त्यांनी कधी वाचली नव्हती.

मित्रांनो, आम्हा पुतळ्यांवरची धूळ पुसली नाहीत, तरी आमचे काही अडत नाही. पण दुसऱ्याचे तोंड बंद करायला थोरांचे नाव वापरू नका. त्या सम्राटाने जे लिहिले, ते स्वतःला बजावण्यासाठी लिहिले होते.