शीळ माझीच होती

मी केशवराव वकिलांचा रेडिओ बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोललो; हे तेवढं माझं स्वतःचं.

माझ्या अंगात एक खोड आहे. दूरचं केंद्र जवळ आणायला माझा उजवा कान, म्हणजे उजवीकडचं बटण, पिळतात. तो जास्त पिळला, की मीच हवेत शीळ सोडतो आणि शेजारच्या रेडिओचंही बोलणं बुडवतो. अमरावतीच्या आमच्या गल्लीत मी एकटा होतो, तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. लढाईच्या दिवसांत बातम्यांपायी आम्ही चार झालो आणि चौघंही शीळ घालू लागलो. वकील समोरच्या महादेवराव मास्तरांना दोष देत, मास्तर वकिलांना. शेवटी दोघांनी बोलणंच टाकलं.

अशात आमच्याकडे भाजी घालणाऱ्या पार्बताबाई पत्र घेऊन आल्या. त्यांचा बंडू पलटणीत, परमुलखात. येत्या रविवारी संध्याकाळी सहाला मुंबई केंद्रावरून त्याचा निरोप त्याच्याच आवाजात लागणार होता. दोन वर्षांत बाईंनी तो आवाज ऐकला नव्हता. वकिलांनी शिट्ट्यांची अडचण सांगितली.

"आमच्या मळ्यातल्या विहिरीवर चार घरं हायेत," बाई म्हणाल्या. "समद्यायनं एकदम मोटा धरल्या त पानी कोनालेच पुरत नाही. आमी बाऱ्या लावतो. तुमी कावून नाही लावत?"

वकील अबोला गिळून मास्तरांकडे गेले. रविवारी बाकीचे तिघं बंद राहिले. पलटणीतल्या पोरांचे निरोप सुरू झाले आणि वकिलांनी हौसेनं माझा कान पिळला. पुन्हा शीळ! मास्तरांनी शब्द मोडला, असं म्हणत ते उठले, तर मास्तर दारातच उभे.

"माझा बंद आहे, केशवराव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, थो कान जरासा मांगं घ्या," पार्बताबाई म्हणाल्या. "बारीक आलं तरी चालते मले."

वकिलांनी खाली मान घालून कान मागे घेतला. आवाज बारीक झाला, पण स्वच्छ. बंडू बोलत होता: "माय, मी बरा हाव. मंगळवारची आपली बारी सोडू नोको."

बाईंनी माझ्या जाळीपाशी तोंड आणलं. "नाही सोडत रे, बंडू," त्या हळूच म्हणाल्या.

आता माझा एक व्हॉल्व जळालाय आणि मी फडताळावर धूळ खातोय. नवा रेडिओ आणाल, त्याचा कान बेतानं पिळा. जन्मभर माझ्याकडून हवेत गेली ती फक्त शीळ. पार्बताबाईंचं ते एवढंसं उत्तर तेवढं जायला हवं होतं.