दात लागेल तिला

“एकरूप म्हणजे काय हो, फादर? साखर पाण्यात जाते तसं?” वेदीच्या चादरीवरून इस्त्री फिरवता फिरवता तिने विचारलं.

धुतलेल्या चादरी न्यायला आलेले फादर लाँड्रीतल्या स्टुलावर अवघडून बसले होते. तिची बडबडी लेक न्यूमोनियाने गेली तेव्हा दफनाआधी त्यांनीच सांगितलं होतं, की माणसाला देवाच्या जीवनात वाटा मिळावा म्हणून देव माणूस झाला. हे लेकरू आता देवाशी एकरूप झालंय. बाकीच्यांना धीर आला. तिला मात्र नाही. तेव्हापासून तिने चर्चची पायरी चढली नव्हती.

“चार वर्षांची पोर, पण तिची वाटी कुणी उचलली तर घर डोक्यावर घ्यायची. ती कसली एकरूप होतेय! आणि झालीच, तर मी तिकडे गेल्यावर मला आई कोण म्हणणार?”

“देवालासुद्धा म्हणत असेल, सरक तिकडे,” मागे घड्या घालणारी सासू म्हणाली. हसायला गेली, आणि हातातला टॉवेलच डोळ्यांना लावला.

“विरघळत नाही कुणी,” फादर हळूच म्हणाले. “लोखंड विस्तवात ठेवलं की विस्तवासारखं लाल होतं, पण राहतं लोखंडच. ती तीच आहे. फक्त देवाने भरलेली.”

तिने इस्त्री उभी केली.

“अशा लाल लोखंडाला हात लावता येतो का, फादर? मला तिला जवळ घ्यायचंय.”

फादर स्टुलावरून उठले. मग चादरी उचलून म्हणाले, “रविवारी मिस्सेला या, प्रार्थनेला.”

रविवारी ती गेली. वाटेत दोनदा माघारी वळली होती, तरी मिस्सेत ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभी राहिली. “ख्रिस्ताचं शरीर,” म्हणत फादरांनी पातळ पांढरी भाकर तिच्या जिभेवर ठेवली. “आमेन,” ती पुटपुटली आणि जागेवर येऊन बसली. सासू बघतच राहिली. हिचा गाल हलेना, गळा हलेना.

“अगं, गीळ की! टाळूला चिकटली का?”

तिने मान हलवली. सासूच्या कानाशी झुकून, ओठ जेमतेम उघडत म्हणाली, “देव ह्यात, आई. आणि ती देवात. दात लागेल तिला.”

गाणं सुरू झालं. सगळे उभे राहून गाऊ लागले. तीही उभी राहिली, ओठ गच्च मिटून.