चिंध्या बांधलेली झुडपं

मार्गशीर्षातल्या एका सकाळी धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "काका, कस्तुराबाई गेल्या. मुळी कसली होती, ते तरी सांगा."

"पांढरी मुसळी."

"मुसळीनं माणूस असं मरत नाही," ते म्हणाले.

मुसळी माझ्या बायकोनं, कस्तुरानं, सुनेसाठी खणली होती. दीपमाला बाळंत झालेली, अंगावर दूध कमी. बाळंतिणीला द्यायच्या आधी घरातल्या मोठ्या बाईनं खाऊन बघायचं, ही तिच्या माहेरची रीत. म्हणून मुसळीचे लाडू आधी तिनं खाल्ले. मग उलट्या-जुलाब लागले, ते थांबलेच नाहीत. उरलेले लाडू मी पुरून टाकले.

आमच्या गावामागं बालाघाटाचं रान आहे. मुसळी तिथं श्रावणात फुलते, पण मुळी तेव्हा कोवळी असते. म्हणून बायका फूल बघून शेजारच्या झुडपाला आपल्या लुगड्याची चिंधी बांधतात. थंडीत पाला वाळून नाहीसा झाला, की चिंधीखाली खणतात. एकीच्या चिंधीखाली दुसरी खणत नाही.

पुढचा श्रावण आल्यावर मी कस्तुराच्या चिंधीपाशी गेलो. करवंदीचं झुडूप होतं, खाली मुरूम. बुडाशी मुसळीची लांब पानं आणि पांढऱ्या फुलांचा तुरा होता. त्याच बुडातून एक वेल करवंदीवर चढला होता. पानाचं टोक दोऱ्यासारखं वळून काटक्यांना धरून होतं. वर फूल होतं, पाकळ्या मागं उलटलेल्या, खाली पिवळ्या, वर लाल. कळलावी. तिचं मूळ विषारी, हे आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक आहे. कस्तुरालाही ठाऊक होतं. पण ती खणायला आली तेव्हा वेल वाळून मोडून गेला असणार. मुरमात मुळ्या तुटतात, सोलल्यावर सगळ्याच पांढऱ्या दिसतात.

मी तिची चिंधी सोडली. मग बाकीची झुडपं बघत सुटलो. दुसऱ्या एका करवंदीवरही तसाच वेल होता, म्हणून तिथली चिंधीही सोडायला लागलो, तर मागून धुरपताबाई ओरडली. ती शेळ्या राखते, मुसळीला कस्तुराच्या बरोबरच जायची.

"ओ दादा! माझ्या चिंधीला कशाला हात लावायलाव? बायको होती तवा कधी रानात आला न्हाईत, आन् आता झुडपं हुंगत फिरायलाव व्हय?"

"हितं कळलावी हाय, बाई."

"दिसतीय की. लालभडक फूल हाय. म्या काय आंधळी हाय?"

"मार्गशीर्षात दिसंल का?"

एक शेळी करवंदीला तोंड लावायला आली, तिला तिनं धपकन काठी मारली. मग म्हणाली, "कस्तुराच्या चिंधीखाली असंच व्हतं?"

"असंच."

"म्या हितली मुळी लेकीला धाडणार व्हते ओ." तिनं स्वतःच गाठ सोडली, दातानं. "बाकीच्या बाया तुमचं ऐकायच्या न्हाईत. म्हणतील, म्हातारा फिरलाय."

"म्हणू द्या."

तिचं खरं निघालं. दोघी-तिघींनी मी पुढं सोडलेल्या चिंध्या परत बांधल्या. त्यांना हात धरून वेल दाखवला, तेव्हा कुठं ऐकलं.

आता भादवा संपत आलाय. कळलावीची फुलं गळाली, वेल पिवळा पडायला लागलाय. ओढ्यापलीकडं चढ आहे, माझे गुडघे तिथं चालत नाहीत. तिकडच्या झुडपांवर चिंध्या आहेत. त्यांच्याखाली काय आहे, ते मी अजून बघितलेलं नाही.