दुसरी टाकी

मंत्र्यांनी टाकीशेजारची बारीक काडी उचलली आणि दात कोरायला घेतले. संशोधिकेचा हात आपसूक पुढे झाला. संचालकांनी डोळे वटारले, तसा तो मागे आला. आजवर ती काडी फक्त गोगलगायींच्या अंगाला लागली होती.

“ह्याच का त्या?” मंत्र्यांनी काचेतून वाकून पाहिलं. “मला वाटलं, चांगल्या गलेलठ्ठ असतील. एवढा पैसा खाऊन.”

बरोबरचा फोटोवाला हसला. संचालक त्याच्याहून मोठ्यानं हसले.

मागच्या अधिवेशनात मंत्र्यांनी सभागृहाला विचारलं होतं, की शाळांना मास्तर मिळत नाहीत आणि गोगलगायींना खाजगी शिकवणी कशी मिळते. बाकं वाजली होती. तेव्हापासून घरी धाकटा दीरही तिला ‘मास्तरीणबाई’ म्हणायचा. प्रयोगाच्या उरलेल्या दोन वर्षांचा निधी ह्याच माणसाच्या सहीवर अडला होता. सही झाली नाही, तर टाक्या धुऊन अडगळीत.

“थोडक्यात सांगा, बाई.”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगितलं. पाण्यातला प्राणवायू कमी केला, की गोगलगाय वर येते आणि अंगावरचं छिद्र उघडून हवा घेते. उघडलं, की काडीनं हलकेच टोचायचं. असं रोज केलं, की ती शिकते आणि छिद्र मिटून गप्प राहते. हे ती किती दिवस लक्षात ठेवते आणि विसरते कशानं, ते पाहायचं. गोगलगायीचं विसरणं कळलं, तर कधीतरी म्हाताऱ्या माणसांचंही कळेल.

“दोन टाक्या कशाला मग?”

“एकीतल्यांना शिकवलंय. दुसरीतल्यांना मुद्दाम काहीच शिकवलेलं नाही.”

मंत्र्यांच्या दाढेतली काडी थांबली.

“काहीच नाही?”

“नाही, साहेब.”

“का? त्यांनी काय कुणाचं घोडं मारलंय?”

“तसं नाही, तुलना करायला...”

“अर्ध्यांना शिक्षण, अर्ध्यांना ठेंगा. माझ्या खात्यात हे चालायचं नाही.” मंत्र्यांचा आवाज खरोखरच कातर झाला होता. “बाई, मी तुमच्या विरोधात आलो होतो, खोटं कशाला बोलू. पण आता माझा जीव तुटतोय. कुठल्या टाकीवर अन्याय झालाय, दाखवा. मी स्वतः शिकवतो, मग सही.”

त्यांनी बाह्या सरसावल्या. फोटोवाला स्टुलावर चढला. संचालक मान इतकी डोलावत होते, की ती निखळून टाकीत पडेल असं तिला वाटलं.

त्या टाकीतल्यांना एकदा काडी लागली, की तुलना संपली आणि प्रयोगही. तिचा हात उजव्या टाकीकडे निघाला होता. वाटेत त्यानं चष्मा सारखा केला, आणि मग तो डावीकडे वळला.

“ही,” ती म्हणाली, आणि तिनं शिकलेल्या टाकीतला प्राणवायू कमी केला.

मंत्री काडी रोखून उभे राहिले. एक गोगलगाय वर आली आणि तशीच राहिली. दुसरी आली, तीही तशीच. कुणीच छिद्र उघडेना. मंत्र्यांच्या कपाळावरून घामाचा थेंब पाण्यात पडला.

“उघडत नाहीत,” ते कुजबुजले.

“साहेबांचा दरारा,” संचालक म्हणाले.

“टोचावंही लागलं नाही.” मंत्र्यांनी काडी हळूच खाली ठेवली. “बाईंना शिकवायला चार वर्षं लागली, मी नुसता उभा राहिलो.” फोटो निघाला. “चला. सगळ्याच शिकल्या म्हणायच्या. मग आता उरलं काय? प्रकल्प यशस्वी. सन्मानानं बंद करू.”

संचालकांनी टाळ्या वाजवल्या. मंत्र्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, फाईल न उघडताच बगलेत मारली आणि ते निघाले.

ती टाक्यांकडे बघत राहिली. मग चपला हातात घेऊन जिन्यावरून धावली.

मंत्र्यांचा एक पाय गाडीत होता.

“साहेब, मी खोटं बोलले. ती शिकलेलीच टाकी होती.”

“म्हणजे माझ्यामुळे नाही?”

“नाही.”

त्यांनी फोटोवाल्याकडे पाहिलं. “फोटो गेला?”

“केव्हाच, साहेब. ‘काडीही न लावता’ म्हणून. धडाधड पसरतोय.”

मंत्र्यांनी पाय गाडीतून बाहेर घेतला. तिनं एक चप्पल घातली, दुसरी हातातच राहिली.

“ह्या गोगलगायी विसरणार कधी?”

“तेच शोधतेय. अजून दोन वर्षं लागतील.”

“आणि माणसं?”

“त्याला वेगळा निधी लागेल, साहेब.”

मंत्र्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग बगलेतल्या फाईलमधून निधीच्या मंजुरीचा कागद ओढला आणि खिशातलं पेन काढलं. कागद टेकवायला त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. ऊन चांगलंच तापलं होतं. हातात दिलेली फाईल फोटोवाल्यानं सावलीसाठी डोक्यावर धरली होती. ते इकडेतिकडे पाहू लागले.

ती वळली, थोडी वाकली आणि तिनं पाठ पुढे केली.