दहावी फेरी

मी बोलतोय. हो, मीच. कोपऱ्यात डोकं एकीकडे आणि धड एकीकडे पडलंय ना, तोच. मी चाचणीचा पुतळा आहे. गाडीखाली येणं, हा माझा धंदा.

साच्यातून निघालो तेव्हा दिसायला बरा होतो. आत फोम, वर रबर. मला या मैदानावर आणलं. इथं विनाचालक गाड्यांची परीक्षा घेतात. कायदा सांगतो, माणसाच्या आकाराची वस्तू आडवी आली की गाडी सलग दहा वेळा आपणहून थांबली पाहिजे. एकदा चुकली की मोजणी पुन्हा एकपासून. दहा झाल्या की परवाना, आणि गाडी थेट वस्तीतल्या रस्त्यावर.

वाचायला सोपं वाटतं. माझ्या बरगड्यांना विचारा! पहिल्याच दिवशी पांढऱ्या गाडीनं असं उडवलं, की माझा पाय कुंपणापलीकडे पडला. दुसऱ्या दिवशी पोट फाटलं. तिसऱ्या दिवशी तिनं मला चाळीस पावलं फरफटत नेलं आणि मग उभी राहिली. मैदानाचे साहेब म्हणाले, "थांबली तर खरी!" मला तोंड असतं तर शिवी हासडली असती.

संध्याकाळी मला शिवायला मावशी यायच्या. जाड सुई रबरात खुपसताना विचारायच्या, "दुखतंय का रे?" त्या मैदानावर हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. एकदा रबराचा तुकडा संपला, म्हणून त्यांनी पहारेकऱ्याच्या जुन्या जाकिटाची चकाकणारी पट्टी उसवली आणि माझ्या उजव्या कुशीवर ठिगळ मारलं.

दुसऱ्या दिवशी गाडी थांबली. तिसऱ्या दिवशीही थांबली. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. मग एकदा मला चुकून उलटं उभं केलं, डावी कूस गाडीकडे. तिनं वेगही कमी केला नाही. माझा खांदा उखडून काचेवर आदळला.

मावशी खांदा शिवता शिवता थबकल्या. ठिगळाकडे बघत राहिल्या आणि तशाच साहेबांकडे गेल्या.

"साहेब, गाडी माणसाला बघून थांबत नाही. माझ्या ठिगळाला बघून थांबते."

"मावशी, थांबते ना? नियमात ठिगळाबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही शिवा."

"अहो, ही गाडी आमच्याच गल्लीसमोरून सोडणार म्हणता. माझा नवरा रोज काठी टेकत तो रस्ता ओलांडतो. त्याला कुठं लावू ठिगळ?"

साहेबांनी फोन कानाला लावला. मला एवढा संताप कधी आला नव्हता. माझं मरण खोटं असतं हो, पण त्या माणसाचं खोटं नसतं.

शेवटच्या परीक्षेला तपासनीस बाई आल्या. नऊ फेऱ्या झाल्या, नऊ वेळा गाडी माझ्या कुशीपाशी येऊन गपकन थांबली. साहेबांनी परवान्याचा कागद काढूनही ठेवला. तेवढ्यात मावशी पिशवी घेऊन मैदानात शिरल्या. पिशवीतून जुना तपकिरी कोट काढला, माझ्या अंगात घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. ठिगळ झाकलं गेलं.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"यांचा कोट आहे," मावशी म्हणाल्या. "रोज सकाळी हाच घालून निघतात."

तपासनीस बाईंनी विचारलं, "नियमात कोट चालत नाही असं लिहिलंय का?"

साहेब नियमांची पानं उलटू लागले.

"मग होऊ दे दहावी."

गाडी आली. मी तिला येताना पाहिलं. कसली थांबते! कमरेतून माझे दोन तुकडे झाले, डोकं सुटून टपावर आपटलं, बाही चाकात गुंडाळली गेली आणि उरलेला मी तिच्याबरोबर घासत गेलो. मावशींनी किंकाळी फोडली. पुतळा आहे हे त्यांना माहीत होतं, तरी फोडली. धावत आल्या आणि त्या फाटक्या कोटाला कवटाळून मातीत बसल्या.

तपासनीस बाईंनी परवान्याचा कागद उभा फाडला.

आता मला शिवून काही उपयोग नाही, आणि मला शिवूही नका. तेवढं नियमात एक ओळ वाढवा: पुतळ्याला रस्त्यावरच्या माणसाचे कपडे घाला. कोट अजून माझ्या धडावरच आहे, मावशींना तो परत न्यावासा वाटला नाही. त्यांचा नवरा हल्ली कोटाविना कुडकुडत जातो म्हणे. पण रोज सकाळी काठी टेकत रस्ता ओलांडतो, आणि संध्याकाळी घरी येतो.