लाल शाई

आमच्या गावावरच्या डोंगरात, पाटणकडे जाणाऱ्या वाटेवर, एक उघडं लेणं आहे. जुन्या काळी घाट चढून आलेल्या वाटसरूंनी त्याच्या भिंतीवर आपली नावं खरडली, कुणी एक बैलही काढला. यंदा त्यांची नोंद करायला सांगलीहून आम्रपाली आली. इजिप्तच्या वाळवंटात खडकांवर अशीच हजारो वर्षांपूर्वीची खरडलेली नावं उतरवण्यात तिने दोन हिवाळे घालवले होते. तिथली पद्धत तिने मला समजावली. आरशाने खडकावर तिरपं ऊन पाडायचं, वर पारदर्शक प्लास्टिक धरायचं आणि दिसेल तेवढीच रेघ काळ्या पेनाने उतरवायची. असावी असं वाटतं म्हणून एकही काढायची नाही.

वाट दाखवायला मी होते. आरसा धरायला महेंद्र, माझा जुना विद्यार्थी, आता फौजेतून निवृत्त.

ऊन पडताच अक्षरं ठसठशीत उठून आली. आम्रपाली हरखली. इतकी स्वच्छ अक्षरं तिने तिकडेही क्वचितच पाहिली होती म्हणे. नंतर कुणाचा हात लागलाय का, असं तिने विचारलं.

महेंद्रने माझ्याकडे पाहिलं. "गुराखी येत्यात कवातरी," तो म्हणाला. "दुसरं कोन न्हाई."

तो माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी बोलू दिलं. अर्ध्या तासाने तिने वहीत लिहिलं, 'मूळ रेघा शाबूत'. हेच पुढे अहवालात जाणार होतं.

"आम्रपाली, ते खोडून टाक," मी म्हणाले. "ही अक्षरं मी मुलांकडून गिरवून घेतलीत."

एकोणीसशे चौऱ्याण्णवची चौथीची सहल. अक्षरं पुसट, मुलांना दिसेनात. पाटीवर गिरवता तशी गिरवा, म्हटलं. बत्तीस मुलं, प्रत्येकाच्या हातात टोकदार गारगोटी. जिथे अक्षर अर्धवट वाटलं तिथे कंपासपेटीतल्या कर्कटकाने मीच ते पुरं केलं. वळण छान आलं म्हणून शाबासकीही दिली.

आम्रपाली भिंतीपाशी वाकली. मग तिने विचारलं, "बाई, यातली जुनी रेघ कुठली?"

बत्तीस वह्या नाव न वाचता ओळखणारी मी. मला सांगता येईना.

महेंद्रने आरसा खाली ठेवला. "ही उभी रेघ माजी. बाईंनी हात धरला हुता, म्हणून सरळ आली." त्याला मला हसवायचं होतं. मला ते जास्तच लागलं.

आम्रपालीने नवं प्लास्टिक काढलं आणि माझ्या हाती लाल पेन दिलं. नंतरची रेघ लाल, शंका असेल तीही लाल. अहवालात मुलांची नावं घालू नकोस, माझं घाल, असं मी सांगितलं. तिने माझं पूर्ण नाव लिहून घेतलं.

मी गुडघे टेकून लाल करत गेले. शेवटी काळं उरलं ते बैलाचं एक शिंग. त्या सहलीत गिरवत तिथवर आलो होतो आणि डबे उघडायची वेळ झाली होती.