वाळवणावरचं औषध

तेसान गावात फवारणीचा धंदा करायचा तर ड्रोनइतकाच भोंगा महत्त्वाचा. पहाटे पाचला गावप्रमुख यांग माईकमध्ये खाकरायचे आणि सगळ्या गावाला ऐकू जायचं, की आज अमुक बाजूच्या खाचरांवर औषध मारणार आहेत, मधमाश्यांच्या पेट्या झाका, वाळवणं उचला, कुत्री बांधा. फवारणी आटोपली की पुन्हा खाकरणं, की झालं हो, आता खुशाल पसरा. इतकं साधं काम. आणि एवढं साधं काम ब्योन कीहोनं एका दिवशी केलं नाही.

कीहो बेचाळीस वर्षांचा. मोक्फो बंदरातल्या गोदीत वेल्डिंग करायचा. गोदीतलं काम सुटलं तसा बायकोला शहरातच ठेवून तो गावी आला, परवाना काढला आणि तीस लिटरच्या टाकीचा ड्रोन घेतला. गावात साठीच्या आतला माणूस तो एकटाच. सुरुवातीला सगळे हसले. हा काय आता आभाळातून मुतणार आमच्या भातावर, असं एक म्हातारा सभागृहात सगळ्यांदेखत म्हणाला होता. तेव्हा त्याच्या बाजूनं बोलली ती फक्त गोकसङवाली.

तिचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. गोकसङहून लग्न होऊन आली म्हणून पंचावन्न वर्षं ती गोकसङवालीच. कीहोच्या गेलेल्या आईची ती जिवाभावाची मैत्रीण, म्हणून कीहो तिला मावशी म्हणायचा. नवऱ्याच्या मागं पाठीवर पंप घेऊन तिनं एकटीनं वीस वर्षं फवारलं होतं, पाठीचा पार कोयता झाला होता. ती म्हणाली, हसा लेको, पण माझं खाचर मी ह्यालाच देणार. तिनं दिलं, मग तिच्या शेजारणीनं दिलं, आणि दुसऱ्या हंगामाला अर्धं गाव कीहोकडे आलं. महिनाअखेरीला सभा होती. पुढच्या वर्षी सगळ्या गावाची फवारणी एकाच माणसाला द्यायची, आणि तो कीहोच असावा, असं जवळजवळ ठरलंही होतं.

ऑगस्टचा तिसरा आठवडा होता. भात निसवायला लागलं होतं. त्या दिवशी सकाळी नऊला वारं सुटलं आणि एक खाचर राहून गेलं. कीहोनंच यांगना सांगितलं की आजच्यापुरतं संपलं, उरलेलं नंतर बघू. त्यांनी माईकवर तसं जाहीर केलं आणि दाढ काढायला तालुक्याला निघून गेले. बायांनी वाळवणं पुन्हा पसरली. त्या दिवसांत तेसानच्या रस्त्याची कड मिरच्यांनी लाललाल असते, पाय ठेवायला जागा नसते.

दुपारी चारला वारं पडलं. दुसऱ्या दिवसासाठी कीहोनं शेजारच्या गावाला शब्द दिला होता. एक खाचर, सात मिनिटांचं काम, एवढ्यासाठी कुठं प्रमुखांना फोन करायचा आणि दुसऱ्या कुणाला माईकवर बसवायचं, असं त्यानं स्वतःशी ठरवलं आणि ड्रोन उचलला. रिमोटच्या पडद्यावर त्याला रस्त्यावरच्या तीन ताडपत्र्या दिसल्या, लाल. त्या गोकसङवालीच्या, हेही त्याला ठाऊक होतं. उतरवावा, चालत जाऊन त्या गोळा कराव्यात, हे मनात आलं नाही असं नाही. पण खाचराला वळसा घालून जायला दहा मिनिटं, यायला दहा. वारं रस्त्याकडून इकडं आहे, असं त्यानं मनाला सांगितलं. शेवटच्या फेरीला वारं फिरलं. बारीक धुकं रस्त्याच्या दिशेनं गेलं आणि ताडपत्र्यांवर उतरलं.

त्यानं जाऊन पाहिलं. मिरच्यांवर बारीक ठिपके होते, वास तर होताच. त्यानं एक मिरची उचलली आणि पँटीला पुसली. मग दुसरी पुसली. तीन ताडपत्र्या मिरच्या, आणि हा गाढव दोन मिरच्या पँटीला पुसत उभा. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, बाया सगळ्या सभागृहाच्या गारव्यात पत्ते खेळत होत्या. जनाची नाही तर मनाची असावी म्हणतात. मनाची होती त्याला, भरपूर होती. पण ती पायात येईना. त्यानं ड्रोन ट्रकमध्ये चढवला आणि तो घरी गेला.

उन्हानं उडून जाईल, हे त्यानं पहिल्या दिवशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ठरवलं की सभा होऊ दे, मग सांगू. पाचव्या दिवशी सभागृहाच्या ओसरीवर गोकसङवाली मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. तिनं हाक मारली, ये की, दोन हात लाव. तो बसला. तिच्या शेजारी बसून त्यानं तासभर देठ खुडले. ती शिंकत होती, हसत होती, त्याच्या आईच्या आठवणी काढत होती. यंदाची मिरची फार गुणाची निघाली, असंही म्हणाली. कीहोनं पुढची मिरची घेतली आणि तिचा देठ खुडला. त्या रात्री त्याला झोप आली नाही, आणि यायला तरी का यावी?

सभा झाली आणि सगळ्या गावाची फवारणी त्याला मिळाली. आता सांगायला हरकत नव्हती, तर आता सांगणं आणखी अवघड झालं. मिरच्या दळून झाल्या. बाराव्या दिवशी सकाळी गोकसङवाली पाठीला आणखी बाक काढून त्याच्या दारात उभी. हातात खोकं होतं. बस दुपारची आहे, तू तालुक्याला चाललास तर एवढं टपालात टाकशील का, सुवनला मुलाकडं जायचंय. काय आहे हे तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. खोक्याच्या फटीतून वास येत होता.

तालुक्याला जाईपर्यंत तीन ठिकाणी रस्त्याला ओढा लागतो. तिन्ही ठिकाणी खोकं पाण्यात टाकावं म्हणून त्यानं गाडी हळू केली. टपालात कारकुनानं विचारलं, आत काय? तो म्हणाला, मिरचीपूड. कारकून म्हणाला, वा, गावची मिरची म्हणजे काय विचारता. त्यानं पावती घेतली. आपणच पसरवलेलं विष आपल्याच हातानं टपालात टाकून तो पायऱ्या उतरला.

पावती द्यायला तो तिच्याकडं गेला तेव्हा ती लसूण सोलत होती. खुशीत होती. बस म्हणाली, आणि मग तिनं खालच्या आवाजात सांगितलं की सुनेला पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना. पहिल्या खेपेसारखं नाही, या वेळी तिला तिखटाचे डोहाळे लागलेत. म्हणून सणाची वाट न बघता पाठवलं. नाहीतर ती कधी काही मागत नाही हो, या वेळी पहिल्यांदा तोंडानं मागितलं.

कीहो उभाच होता. तो खाली बसला नाही, कोसळला म्हणायला हवं. दोन्ही गुडघे जमिनीला टेकून त्यानं कपाळ फरशीला लावलं.

"मावशी, ती मिरची खायला देऊ नका. त्यावर माझं औषध पडलंय."

तिला नीट ऐकू आलं नाही. कानाला हात लावून तिनं विचारलं, काय पडलंय? त्याला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं. मग त्यानं सगळंच सांगितलं, चार वाजता उडवलं ते, ताडपत्र्या दिसल्या होत्या ते, देठ खुडताना माहीत होतं ते, आज टपालात टाकतानाही माहीत होतं ते. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं, पण धरणी असल्या कामाला कधी वेळेवर येत नाही.

गोकसङवाली लसणाच्या पाकळ्या एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली.

"तिन्ही ताडपत्र्या?"

"तिन्ही."

"माणूस मरतो का त्यानं?"

"मरत नाही. पण पोटुशीनं खाऊ नये."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

ती उठली. तिनं फोन आणला. कीहोला वाटलं, आता ही यांगना लावणार. लावू दे, असंच त्याला वाटलं. शिव्या खाल्ल्या तर बरं वाटेल अशी त्याला आशा होती. पण तिनं सुवनला लावला. तिचे कान असे, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असायचा.

"सूनबाई, उद्या खोकं येईल, ते उघडू नको. तसंच फेकून दे. मी म्हातारीनं घोटाळा केला. मिरच्यांना किडे दिसले म्हणून घरातला जुना पंप घेतला आणि त्यांच्यावरच मारला. लक्षातच राहिलं नाही बघ."

कीहोनं मान वर केली. हात पुढं केला, फोन मागितला. तिनं त्याचा हात ढकलला, जोरात, जसं लहान पोराला ताटावरून ढकलतात. पुन्हा हात पुढं करायला त्याला कुणी बंदी केली नव्हती. फोन वीतभर अंतरावर होता. एक वाक्य पुरे होतं. त्यानं हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

 मग सून हळू, अदबीनं म्हणाली, "आई, रागावू नका. पण यापुढं काही पाठवू नका. आम्ही इथंच विकत घेत जाऊ."

"हो, हो. बरोबर आहे तुझं."

फोन मुलानं घेतला. तो आधी ओरडला, मग त्याचा आवाज एकदम उतरला. "आई, हे असं पहिल्यांदाच झालं का? आणखी काय काय विसरतेस तू? सणाला येतो तेव्हा दवाखान्यात दाखवू."

"दाखवू की बाबा. वय झालं आता."

फोन ठेवून ती परत लसणापाशी बसली. कीहो रडत होता. मी सांगतो त्यांना, मी आत्ता फोन करतो, असं काहीतरी तो म्हणाला. ती म्हणाली, त्यांना सांगितलंस तर सून तक्रार करणार, ती शिकलेली आहे. तक्रार झाली की तुझा परवाना गेला. मग पुढल्या वर्षी औषध कोण मारणार? माझ्या पाठीवर आता पंप चढत नाही, गावात कुणाच्याच चढत नाही. मला काय, चार लोक म्हणतील विसरते. विसरतेच मी तशीही.

"मावशी, शिव्या तरी द्या."

"शिव्या देऊन मिरच्या धुतल्या जाणारेत का? ऊठ. भात गरम आहे, जेवून जा."

तो जेवला. सोयाबीनची आमटी होती, मुळ्याची पानं होती, तिनं वाढलं तेवढं सगळं त्यानं खाल्लं. घास उतरत नव्हता असं सांगायला आवडलं असतं, पण उतरत होता. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. खाताना त्याला आतून हलकंही वाटलं, आणि ते हलकं वाटणं आठवलं की आजही त्याचे कान तापतात.

परवाना राहिला. पुढच्या हंगामासाठी त्यानं दुसरी टाकी मागवली. सभागृहात मात्र हळूहळू पसरलं, की गोकसङवालीला विसर पडायला लागला, बिचारीनं स्वतःच्याच मिरच्यांवर औषध मारलं. पत्त्यांच्या डावात तिचा हिशेब आता दुसऱ्याच बाया ठेवू लागल्या. ती काही बोलली नाही. कीहोही नाही.

चुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला मुलगा आला. सून आली नाही, तिला प्रवास झेपत नव्हता असं सांगितलं. सणाच्या दुसऱ्या दिवशी कीहो ट्रक धुत होता, तेव्हा मुलाची गाडी येऊन त्याच्यापाशी थांबली. मागच्या सीटवर गोकसङवाली नवा स्वेटर घालून सरळ समोर बघत बसली होती. सण आटोपून दवाखाने उघडले की तपासण्या करायच्या, म्हणून मुलगा तिला आठवडाभर सुवनला नेत होता. तो खाली उतरला आणि कमरेत वाकून त्यानं नमस्कार केला. लहानपणी तो कीहोच्या मागं मागं फिरायचा.

"कीहोदादा, आईचं असं झालंय, तुझ्या कानावर आलंच असेल. औषधं, पंप असलं काही तिच्या हाताला लागू देऊ नकोस. तुझ्याशिवाय इथं आमचं कोण आहे? जरा लक्ष ठेवशील ना तिच्यावर?"

कीहोनं गाडीच्या काचेकडं पाहिलं. तिनं मान वळवली नाही.

"ठेवतो," कीहो म्हणाला.